विकतचा कंपायलर, आठ महिन्यांनंतर

या कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेला कोड चिपच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला, फेब्रुवारीत मी चार स्टार दिले होते. आज दोन करतोय.

आम्ही ठिबकचे कंट्रोलर बनवतो. चिप कॉर्टेक्स-एम४, फ्लॅश (प्रोग्राम साठवायची जागा) ६४ केबी. फुकटच्या जीसीसी कंपायलरने कोड ६६ केबीच्या खाली येईना आणि मोठी चिप घ्यायची तर दर बोर्डामागे खर्च वाढतो, म्हणून लायसन्सचे पैसे मोजले. कोड ६१ केबीत बसला. त्याबद्दल आजही तक्रार नाही.

एप्रिलपासून फोन सुरू झाले. दोन-तीन दिवसांतून एकदा पंप आपोआप बंद, डिस्प्लेवर 'सेन्सर उत्तर देत नाही'. निफाडच्या एका द्राक्षबागेत तर छाटणीनंतर ऐन पाण्याच्या रात्री. सेन्सर बदलले, केबल बदलल्या, बोर्ड परत मागवले. फंक्शनमध्ये एक प्रिंट टाकला की चूक गायब! दोन महिने मी स्वतःच्याच कोडमध्ये दोष शोधत होतो.

शेवटी डिसअसेम्ब्ली (कंपायलरने चिपसाठी बनवलेल्या सूचनांची यादी) उघडून ओळ न ओळ वाचली. सेन्सरला विचारल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते आम्ही १६ बिटी काउंटरच्या वजाबाकीने काढतो; ५० च्या वर गेलं की एरर. काउंटर ६५५३५ नंतर शून्यावर येतो. विचारलं ६५५३० ला, उत्तर आलं १२ ला, तर फरक १८ यायला हवा. कोडमध्ये १६ बिटांचा कास्ट (उत्तर १६ बिटांतच ठेव, हा आदेश) स्पष्ट लिहिलेला आहे. त्यासाठी वजाबाकीनंतर 'यूएक्सटीएच' ही वरचे बिट पुसणारी इन्स्ट्रक्शन लागते, आणि ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या सेटिंगवर फंक्शन इनलाइन झालं, म्हणजे बोलावलं तिथेच उतरवलं गेलं, की हा कंपायलर नेमकी तीच गाळतो. वजाबाकी, आणि लगेच तुलना. मग ३२ बिटांत फरक येतो ४२९४९०१७७८. उत्तराला वीसेक मिलिसेकंद लागतात, विचारणा मिनिटाला एकदा, काउंटर शून्यावर येतो ६५ सेकंदांनी. म्हणून उत्तर यायच्या आतच काउंटर शून्यावर येण्याची गाठ पडायला दोन-तीन दिवस जातात. हिशेब जुळला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

चूक दाखवणारी बारा ओळींची फाइल करून सपोर्टला पाठवली. नऊ दिवसांनी उत्तर: तुमचा कोड तपासा. खरा राग याचा आहे. कंपायलर चुकतात हे काही गुपित नाही. युटा विद्यापीठाच्या सीस्मिथ या कंपायलर तपासणाऱ्या प्रोग्रामने २०११ पर्यंत निरनिराळ्या कंपायलरांतल्या ३२५ हून जास्त चुका बाहेर काढल्या. २०१४ मध्ये जीसीसी ४.९.० ने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधलं एक फंक्शन चुकीचं बनवलं, ते लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने असेम्ब्ली वाचून दाखवलं आणि ती चूक दुरुस्तही झाली. पैसे मोजणाऱ्याने पाठवलेल्या बारा ओळी निदान चालवून तरी पाहा!

दोन आठवड्यांनंतरची भर: दुसऱ्या एका इंजिनिअरचा फोन आला. त्याने फाइल चालवली, चूक मान्य केली, चार दिवसांत पॅच दिला. बनलेल्या सूचनांच्या लिस्टिंगमध्ये यूएक्सटीएच आली. त्या माणसासाठी तीन स्टार देणार होतो. पण पॅच फक्त मेंटेनन्सचे पैसे भरणाऱ्यांनाच आहे. चूक त्यांची, दुरुस्तीचे पैसे आपण का द्यायचे? दोनच राहू देतो.

जुनी आवृत्ती असेल तर असलं फंक्शन नोइनलाइन करा (इनलाइन होऊ देऊ नका), आमच्याकडे त्याने चूक थांबली होती. निफाडचा पंप आज एकोणीस दिवस नीट चालू आहे.