‘मार्नी’ की ‘रिपल्शन’: आधी कोणता पाहावा?

मनावरचा जुना घाव लपवत जगणारी बाई हा धागा घेऊन एका वर्षाच्या अंतराने दोन सिनेमे आले: आल्फ्रेड हिचकॉकचा ‘मार्नी’ (१९६४) आणि रोमन पोलान्स्कीचा ‘रिपल्शन’ (१९६५). दोन्हीकडे नायिका तरुण, देखणी, वरवर शांत. दोघींनाही पुरुषाचा स्पर्श सोसत नाही. म्हणून यातला कोणताही एक पाहिला की भागेल, असं वाटू शकतं. तसं नाही. ‘मार्नी’ घावाचं मूळ शोधत जातो, ‘रिपल्शन’ त्या घावाच्या आत आपल्याला कोंडतो. माझं मत आधीच सांगते. ‘रिपल्शन’ जास्त बांधेसूद आहे, तरीही पहिल्यांदा पाहणाऱ्याने सुरुवात ‘मार्नी’पासून करावी.

मार्नी एडगर (टिपी हेड्रन) नाव आणि केसांचा रंग बदलून नोकऱ्या धरते, मालकाचा विश्वास कमावते आणि तिजोरी रिकामी करून पसार होते. फिलाडेल्फियातल्या एका प्रकाशन कंपनीत मात्र मालक मार्क रटलंड (शॉन कॉनरी) तिला ओळखून असतो. ती चोरी करते तेव्हा तो तिला गाठतो, पण पोलिसांत देत नाही, लग्नाला भाग पाडतो. लाल रंग दिसला किंवा वीज कडाडली की ही थंड डोक्याची चोर लहान मुलीसारखी भेदरते. का, ते शेवटी कळतं. इथे सांगत नाही.

हा सिनेमा पाहण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे बाल्टिमोरला राहणारी मार्नीची आई. चोरीच्या पैशांतून मुलगी तिच्यासाठी महागडी भेटवस्तू घेऊन येते, तेव्हा आई शेजारच्या छोट्या मुलीच्या कौतुकात रमलेली. त्या पोरीचे केस ती मायेने विंचरते आणि मार्नी बघत बसते. मार्नी आईच्या मांडीवर डोकं टेकवते, तर आईला आपल्या दुखऱ्या पायाचीच काळजी. तू माझ्यावर माया का करत नाहीस, असं ती सरळ विचारते तेव्हा उत्तरादाखल थप्पड मिळते. लुईझ लेथमने ही आई अशी उभी केली आहे की तिचा राग येतो आणि त्याच वेळी या बाईवरही काहीतरी गुदरलंय याची शंका येते. पुढचं सगळं रहस्य या एका घरात पेरलेलं आहे. थरार सोडा, आई आणि मुलगी यांच्यातल्या न बोललेल्या गोष्टींवरचा सिनेमा म्हणूनही ‘मार्नी’ फार मोठा आहे.

थरार हवा असेल तर तोही आहेच. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मार्नी तिजोरी उघडते तो प्रसंग बघा. पडद्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला फरशी पुसत पुढे सरकणारी सफाई करणारी बाई, मध्ये भिंत. संगीत नाही. पावलांचा आवाज नको म्हणून मार्नीने बूट काढून कोटाच्या खिशात ठेवलेत, आणि त्यातला एक हळूहळू खिशातून सरकतोय. एरवी बर्नार्ड हर्मनचं संगीत सिनेमाभर उसळत असतं. हिचकॉकच्या सिनेमात प्रत्यक्ष वापरलं गेलेलं त्याचं हे शेवटचं संगीत.

उणिवा ठळक आहेत. रस्त्याच्या टोकाशी उभं असलेलं जहाज सरळ रंगवलेलं दिसतं, घोडदौडीत मागचा देखावा वेगळा चिकटवलेला कळतो. १९६४ मध्ये समीक्षकांनीही यावर टीका केली होती. मला त्याहून खटकतं ते मार्कचं वागणं. त्याला प्राण्यांच्या स्वभावाचा अभ्यास करायची हौस, आणि बायकोकडेही तो माणसाळवायचं जनावर म्हणूनच बघतो. मधुचंद्राच्या बोटीवर तो तिच्यावर बलात्कार करतो. त्या प्रसंगाला हरकत घेणारा पटकथालेखक इव्हान हंटर बाजूला केला गेला आणि जे प्रेसन ॲलन या लेखिकेने पटकथा लिहिली. त्यानंतरही सिनेमा मार्कला मार्नीचा तारणहार ठरवू पाहतो. हे पटवून घेऊ नका. हा प्रसंग येणार आहे, हे ठाऊक असूनच बसा.

‘रिपल्शन’मध्ये तारणहार नाहीच. बेल्जियमहून आलेली कॅरल (कॅथरीन दनव) लंडनमध्ये ब्युटी पार्लरमध्ये नखं रंगवण्याचं काम करते आणि बहिणीबरोबर फ्लॅटमध्ये राहते. बहीण प्रियकराबरोबर सुट्टीवर जाते आणि कॅरल एकटी उरते. बाकी कथा म्हणावी तर एवढीच. ताटातला सोललेला ससा कुजत जातो, बटाट्यांना कोंब फुटतात, भिंतींना तडे जातात, मग त्याच भिंतींतून हात बाहेर येतात. गिल्बर्ट टेलरच्या कृष्णधवल चित्रणात तो फ्लॅट दर काही मिनिटांनी बदलल्यासारखा वाटतो. घड्याळाची टिकटिक, नळाचं थेंबथेंब पाणी, शेजारच्या मठाची घंटा हे आवाज कान व्यापून टाकतात. बर्लिन चित्रपट महोत्सवात या सिनेमाला १९६५ मध्ये ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळाला, ते रास्तच.

पण कॅरलला काय झालंय, हे कुणी सांगत नाही. कुटुंबाचा एक जुना फोटो आहे, बस. आयुष्यभराचं दुखणं एका आठवणीने सुटत नसतं, त्यामुळे मार्नीच्या सगळ्या गाठी उकलणाऱ्या शेवटापेक्षा मला हे मौन जास्त खरं वाटतं. तरी पहिल्या वेळेसाठी ते जड जातं. ‘मार्नी’त निदान एक बाई भांडते, खोटं बोलते, घोड्यावर बसली की मोकळी होते, आणि आपण तिच्या बाजूने उभे राहतो. कॅरलच्या बाजूने उभं राहायला पोलान्स्की जागाच ठेवत नाही. तिच्याबरोबर बुडायचं, एवढंच.

‘रिपल्शन’ १०५ मिनिटांचा, ‘मार्नी’ १३०. वेळ कमी म्हणून ‘रिपल्शन’ निवडू नका, तो लांब वाटतो. रात्री एकटं असताना तर तो नकोच. स्वतःच्या आयुष्यात अशा अत्याचाराची आठवण असेल तर दोन्ही सिनेमे टाळले तरी काही बिघडत नाही. ज्याला दिग्दर्शनाचं तंत्र शिकायचं आहे, ध्वनी आणि जागा यांचा वापर समजून घ्यायचा आहे, त्याने मात्र माझं न ऐकता आधी ‘रिपल्शन’ पाहावा.

दिग्दर्शकांबद्दलही बोलायला हवं. हिचकॉकने आपला लैंगिक छळ केला, असं हेड्रनने २०१६ च्या आत्मकथनात लिहिलं आहे. पोलान्स्कीने १९७७ मध्ये अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंधाचा गुन्हा कबूल केला आणि पुढच्या वर्षी अमेरिका सोडून पळाला. पुरुषांच्या अत्याचाराने मोडलेल्या बायकांचे हे सिनेमे ज्यांनी केले, त्यांचं हे वर्तन माहीत असलं की काही दृश्यं वेगळी दिसतात. तसंच पाहावं, असं मला वाटतं.

‘मार्नी’ आवडला तर विन्स्टन ग्रॅहमची १९६१ ची मूळ कादंबरी मिळवा. तिथे गोष्ट इंग्लंडात घडते आणि मार्नी ती स्वतःच्या तोंडून सांगते. सिनेमाने वगळलेला मानसोपचारतज्ज्ञ तिथे आहे. पडद्यावर त्याचं काम नवऱ्याने बळकावलं आहे.