अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आणि त्यामागची फसवणूक

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेची, गरिबी निर्मूलनासाठी निधी देतो असे सांगणाऱ्या एका बनावट प्रतिष्ठानाने गेल्या हंगामात फसवणूक केली. गेलेली रक्कम १ लाख ३७ हजार रुपये आहे. मोठ्या संस्थांना ती किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे तेवढ्या पैशांतून एका वस्तीवरील मुलांच्या संध्याकाळच्या जेवणाची हंगामभराची सोय होते. याच मजकुराची पत्रे इतर जिल्ह्यांतील संस्थांनाही गेली आहेत, असे तक्रार नोंदवताना समजले. म्हणून हा प्रकार कसा घडतो ते तपशिलाने लिहीत आहे.

दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. मुले आजी-आजोबांजवळ राहिली तर त्यांची शाळा टिकते, नाहीतर तीही फडावर जातात. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती जिथे पोहोचत नाही तिथे आमच्यासारख्या संस्था देणग्यांवर आणि कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीवर अवलंबून असतात. ही गरज नेमकी कोणत्या महिन्यांत सर्वाधिक तीव्र असते, हे फसवणाऱ्यांना ठाऊक होते.

जानेवारीत ज्या गृहस्थांचा फोन आला, त्यांना आमचा नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावे आणि कामाची गावे माहीत होती. एवढी माहिती असलेला माणूस खरा असणार असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात नोंदणी क्रमांक, पदाधिकाऱ्यांची नावे आणि कामाचे क्षेत्र नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवर कोणालाही पाहता येते, आणि गावांचा उल्लेख आमच्याच अहवालात होता. आठवड्याभरात गोल शिक्क्याचे मंजुरीपत्र आले. २४ लाख रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला असून ३१ मार्चच्या आत रक्कम उचलली नाही तर ती परत जाईल, असे त्यात म्हटले होते.

या घाईमागे कायद्याचा अर्धवट आधार होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि आर्थिक वर्षाअखेरीस खरोखरच धावपळ होते. मात्र चालू प्रकल्पाचा अखर्चित निधी कंपनीला वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येतो, त्यामुळे खरा प्रकल्प ३१ मार्चच्या रात्री मरत नाही. हा अर्धा भाग त्या गृहस्थांनी कधीच सांगितला नाही.

यानंतर ज्या मागण्या आल्या, त्या प्रत्येकीला एखाद्या खऱ्या नियमाचे नाव होते, आणि सगळ्या फसवणुकीचा कणा हाच आहे. पहिली मागणी 'मान्यताप्राप्त सल्लागारा'कडून प्रकल्प अहवाल करून घेण्यासाठी १५ हजारांची होती. दुसरी सीएसआर-१ नोंदणीसाठी २२ हजारांची होती. सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांना ही नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक आहे हे खरे. परंतु ती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क होते आणि खर्च येतो तो अर्ज प्रमाणित करणाऱ्या सनदी लेखापालाच्या मानधनाचा. तिसरी मागणी '२ टक्के टीडीएस' म्हणून ४८ हजारांची होती. टीडीएस हा पैसे देणाऱ्याने देय रकमेतून कापून सरकारजमा करायचा असतो. पैसे घेणाऱ्याने तो देणाऱ्याच्या खात्यात आगाऊ भरावा असा नियम नाही. या तिन्ही रकमा विश्वस्तांच्या ठरावानुसार बँकेतून दिल्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी समोरून शिक्क्याची पावती आली.

चौथी मागणी मंजूर रकमेच्या १० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार रुपयांच्या 'परतावायोग्य सुरक्षा ठेवी'ची होती. खात्यात ५२ हजार होते, ते घेतले गेले, आणि उरलेली रक्कम पतसंस्थेतून कर्जाऊ काढा असा लकडा सुरू झाला. येथे आमच्या लेखापरीक्षकांनी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६अ दाखवले. त्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. एरवी जाचक वाटणाऱ्या या तरतुदीने संस्थेला मोठ्या कर्जातून वाचवले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

कर्जाला नकार मिळताच शेवटचा प्रस्ताव आला, आणि माझ्या मते सर्वांत घातक तोच आहे. उरलेली ठेव भरू नका, निधी खात्यात जमा झाला की ४० टक्के रक्कम रोखीने परत करा, त्यासाठी सही केलेले कोरे धनादेश आणि संपूर्ण २४ लाख खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आधीच द्या, असे सांगण्यात आले. 'सगळीकडे असेच चालते' हेही वर ऐकवले गेले. विश्वस्तांनी ते एकमताने नाकारले आणि संबंध तोडले. अशा व्यवहारात कधीकधी पैसे खरोखर येतातही, आणि तेव्हा संस्थेची अवस्था अधिक वाईट होते, कारण खोट्या खर्चाच्या कागदावर सही विश्वस्तांची असते आणि चौकशीही त्यांचीच होते. 'चाळीस टक्के परत' हे शब्द ऐकू आले की समोरची कंपनी खरी आहे की खोटी याचा शोध घेण्याचीही गरज नाही.

पैशांपेक्षा मला कागदपत्रांची काळजी अधिक वाटते. लाभार्थ्यांच्या पडताळणीच्या नावाखाली काही कुटुंबांच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती त्यांनी मागवून घेतल्या होत्या. ही माणसे त्या वेळी दूर साखरपट्ट्यात तोडणीवर होती. त्यांना फोनवरून सर्व सांगावे लागले, आणि गावी राहिलेल्या नातेवाइकांच्या मदतीने त्यांचे बायोमेट्रिक आधारच्या अधिकृत सुविधेतून लॉक करून घेण्याचे काम आम्ही अजून करत आहोत. खऱ्या दात्याला लाभार्थ्यांची यादी लागली तरी आधारचे पहिले ८ अंक झाकलेली प्रत पुरते. आणि संस्थेचे कोरे लेटरहेड किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन कोणत्याही दात्याला लागत नाही.

खरे प्रतिष्ठान कसे वागते याचा अनुभवही आम्हाला आहे. ते आधी आयकर खात्याची १२अ आणि ८०जीची प्रमाणपत्रे, ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि कामाचा पूर्वानुभव तपासते, माणूस गावात पाठवते, लेखी करार करते, हप्त्यांनी पैसे देते आणि अर्ज स्वीकारण्यासाठी एक रुपयाही घेत नाही. कंपनी कोणत्या वर्षी कोणत्या कामावर किती खर्च करते हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर पाहता येते. पत्रावरचा दूरध्वनी क्रमांक बाजूला ठेवून कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाशी स्वतंत्रपणे बोलावे. परदेशी दात्याचे पैसे 'आमच्या एफसीआरए खात्यातून तुमच्याकडे वळवतो' असे कोणी म्हणाले तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीपासून असे हस्तांतरण बंद आहे, हे लक्षात असावे.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली, पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदवला आणि संस्थेच्या कागदपत्रांचा गैरवापर होऊ शकतो असे धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवले. शेवटच्या हप्त्यातील थोडी रक्कम बँकेने गोठवली आहे. आधीचे पैसे त्याच दिवशी पुढे वळवले गेले होते, त्यामुळे तक्रार पहिल्या तासांत होणे किती महत्त्वाचे असते ते दिसले. ज्या संस्थांना असे पत्र आले असेल त्यांनी पैसे दिले नसले तरी तक्रार नोंदवावी आणि मूळ पत्र, लिफाफा, संदेश व खाते क्रमांक जपून ठेवावेत, कारण वेगवेगळ्या जिल्ह्यांतील तक्रारींत तेच खाते आढळले तर तपास जोडता येतो, असे आमच्या तपास अधिकाऱ्यांनी सांगितले आहे.