पक्ष्यांच्या फोटोसाठी सोनी २००-६०० की सिग्मा-टॅमरॉन?

सोनीची ए७ थ्री किंवा ए७ फोर बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) घरात आहे, कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर बगळे, खंड्या, कोतवाल करून झालेत, आता लांब लेन्स घ्यायचीय आणि सोनीच्या ६०० एफ ४ जीएम या महागड्या लेन्सचा विचारही बजेटमध्ये बसत नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. मग उरतात तीन. सोनीची स्वतःची २००-६०० जी (२०१९ ची; हे आकडे मिलिमीटरचे, जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), टॅमरॉन १५०-५०० आणि सिग्मा १५०-६०० डीजी डीएन स्पोर्ट्स (दोन्ही २०२१ च्या). मी या तिन्ही वापरल्यात, काही स्वतःच्या, काही मित्राच्या, आणि आता माझ्याकडे कोणती आहे ते पुढे येईलच.

शार्पनेसचं आधी उरकून टाकतो कारण सगळे तिथेच अडकतात. तिन्ही लेन्स चांगल्या आहेत. एकाच सकाळी, एकाच उजेडात काढलेले फोटो मी शेजारी शेजारी लावून बघितलेत आणि कुठला कुठल्या लेन्सचा हे मला तरी खात्रीने सांगता आलं नाही. फोकसचंही बरंचसं तसंच. सोनीने ई माउंटची, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या जोडणीची, बेसिक माहिती २०११ मध्येच बाहेरच्या लेन्स कंपन्यांना खुली केली, त्यामुळे या लेन्स मुळातूनच या माउंटसाठी बनतात, जुन्या काळासारखं अॅडॅप्टर लावून अंदाजपंचे काम नाही, पक्ष्याचा डोळा पकडणं वगैरे व्यवस्थित चालतं. उडत्या पक्ष्यावर, म्हणजे नदी सुरय पाण्यावर सूर मारताना वगैरे, सोनीची लेन्स सुटलेला फोकस जरा लवकर परत पकडते असं मला वाटतं, पण हे माझ्या हाताचं मत आहे, मोजून बघितलेलं नाही.

आता बाहेरच्यांच्या बाजूने जे आहे ते मनापासून सांगतो. पैसे हा मोठा मुद्दा आहेच, अमेरिकेत बाजारात आल्या तेव्हा सोनी २००० डॉलरच्या आसपास, सिग्मा १५०० च्या आसपास आणि टॅमरॉन त्याहून कमी, आपल्याकडे आकडे बदलत राहतात पण क्रम साधारण तोच. दुसरं म्हणजे आकार. टॅमरॉन साधारण २१ सेंटीमीटर लांब आणि कॉलरशिवाय (म्हणजे ट्रायपॉडला लावायच्या कड्याशिवाय) १७२५ ग्रॅम, बॉडीसकट रोजच्या सॅकमध्ये बसते, बाइकवर पाठीला लावून निघता येतं. सोनी जवळजवळ ३२ सेंटीमीटर, कायमच, तिला छोटं करायची सोयच नाही, त्यामुळे बॅगही वेगळी घ्यावी लागते. तिसरं, जवळचा फोकस. १५० वर टॅमरॉन ६० सेंटीमीटरवर फोकस करते, पावसाळ्यानंतर फुलपाखरं, चतुर, सरडे यांच्यासाठी वेगळी मॅक्रो न्यायला नको, सोनीला मात्र २.४ मीटर मागे सरकावं लागतं. आणि ताडोबाला जाणाऱ्यांनी १५० आणि २०० मधला फरक हलक्यात घेऊ नये, वाघ जिप्सीच्या शेजारून चालायला लागला की २०० वर फक्त तोंड आणि पट्टे येतात.

एवढं सगळं असूनही माझा निर्णय एकाच गोष्टीवर झाला, ती म्हणजे झूम करताना पुढे येणारी नळी.

वाचताना किरकोळ वाटेल. पण आपण महाराष्ट्रात पक्ष्यांचे फोटो नक्की कसे काढतो ते बघा. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीत बसून, नाहीतर कडबनवाडीच्या माळावर गाडीच्या खिडकीतून. दोन्हीकडे ट्रायपॉडचा उपयोग शून्य, खरा आधार म्हणजे तांदूळ भरलेली बीनबॅग. होडीच्या कडेवर बीनबॅग ठेवायची, त्यावर लेन्स टेकवायची, अंग शक्य तेवढं खाली घ्यायचं, म्हणजे फ्लेमिंगोच्या पायांच्या उंचीवरून फोटो मिळतो. आता सिग्मा किंवा टॅमरॉन बीनबॅगवर ठेवली आणि आधार पुढच्या नळीखाली आला, तर लेन्सचं वजन सरकणाऱ्या भागावरच पडतं. मग झूमची रिंग जड होते, फिरवली तर नळी बॅगवरून घासत पुढे जाते आणि व्ह्यूफाइंडरमधला पक्षी फ्रेमच्या बाहेर. आधार मागे घेतला, म्हणजे रिंगच्या जवळ, तर रिंग फिरवायला बोटांना जागा उरत नाही, आणि ६०० ला लेन्स पूर्ण बाहेर आली की पुढचं टोक जड होऊन खाली झुकायला लागतं. म्हणजे ३०० ला बसवलेली बॅग ६०० ला परत बसवा, परत ३०० ला आलात की परत बसवा. तोपर्यंत चित्रबलाकाने मासा गिळून टाकलेला असतो.

सोनीच्या २००-६०० मध्ये झूम आतल्या आत होतं. बाहेरून लांबी बदलत नाही, तोल जवळजवळ जिथल्या तिथे राहतो, आणि रिंग इतकी कमी फिरवावी लागते की डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता एका बोटाने २०० ते ६०० होतं. लेन्स बॅगवर एकदा बसवली की सकाळ संपेपर्यंत तिला हात लावावा लागत नाही. थवा लांबून उडत आला, डोक्यावरून गेला, सगळं एकाच बैठकीत. गाडीच्या खिडकीतही तेच, माळावर लांडगा किंवा खोकड दिसलं की नळी बाहेर सरकवण्याची हालचालही नको असते, ती जनावरं तेवढ्याने सावध होतात.

सिग्मावर अन्याय नको म्हणून सांगतो, तिच्यात रिंग न फिरवता पुढचा भाग धरून सरळ ओढायची सोय आहे, आणि झूम किती घट्ट असावं त्याचं बटणही आहे. हातात धरून फोटो काढणाऱ्याला ही पद्धत खरंच आवडेल, माझ्या मित्राला तर तीच जास्त पसंत आहे. टॅमरॉनमध्ये रिंग पुढे सरकवली की कुठल्याही आकड्यावर लॉक होते, तेही उपयोगी. पण लॉक करा, सोडा, परत करा, हे बॅगेवर टेकवून काम करणाऱ्याच्या कामाचं नाही.

आणि हा प्रश्न "कंपनीची" विरुद्ध "बाहेरची" एवढा सरळ नाही हेही लक्षात ठेवा. सोनीची १००-४०० जीएम ही जास्त प्रीमियम लेन्स, पण तिचीही नळी बाहेर येते. निकॉनची १८०-६०० आतल्या आत झूम होते, कॅननची आरएफ २००-८०० बाहेर येते. कॅननवाल्यांना तर आरएफ (कॅननचं माउंट) फुल फ्रेममध्ये, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी, सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस झूम लेन्सचा पर्यायच नसल्यासारखा आहे, त्यांची चर्चा वेगळी.

जिथे सोनी खरोखर स्वतःच्या लेन्सला झुकतं माप देते त्या जागा दोन. पहिली टेलिकन्व्हर्टर, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसून लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड. सोनीचा १.४ पट २००-६०० वर बसतो, ८४० एफ ९ मिळतं, म्हणजे पल्ला वाढतो पण उजेड कमी येतो. सिग्मा-टॅमरॉनच्या या ई माउंट लेन्सना टेलिकन्व्हर्टर चालत नाही. सिग्माची हीच लेन्स एल माउंटवर (दुसऱ्या कॅमेऱ्यांची जोडणी) घेतली तर सिग्माचा स्वतःचा टेलिकन्व्हर्टर चालतो, म्हणजे काचेची अडचण नाही, माउंटची आहे. एफ ९ ला थंडीतल्या सकाळी सूर्य वर येईपर्यंत आयएसओ (उजेड कमी असताना वाढवावी लागणारी कॅमेऱ्याची संवेदनशीलता) फार चढतो, त्यामुळे मी तो पहिले दोन तास काढूनच ठेवतो. पण नंतर ८४० चा मोठा फायदा म्हणजे नावाडी दादांना "अजून थोडं पुढे घ्या" म्हणावं लागत नाही. फ्लेमिंगो चरत असताना होडी जवळ नेली की आधी माना वर होतात, मग चालायला लागतात, मग सगळा थवा उठतो, आणि पुढच्या फोटोसाठी पुन्हा तोच खेळ. चांगला फोटो म्हणून पक्षी उठवणं मला अजिबात पटत नाही, आणि लांबूनच काम भागत असेल तर त्यासाठी जास्त पैसे गेलेले मला चालतात.

दुसरी जागा बर्स्ट स्पीड, म्हणजे बटण दाबून धरलं की सलग किती फोटो निघतात. बाहेरच्या लेन्सवर सोनीच्या बॉडी सेकंदाला १५ फ्रेमपर्यंतच जातात. ए७ फोर मुळात १०, तिला काहीच फरक नाही. पण पुढे सोनीच्याच वेगवान ए१ किंवा ए९ थ्री बॉडी घ्यायचं मनात असेल, जिथे ३० आणि १२० पर्यंत मजल जाते, तर आज घेतलेली लेन्स तेव्हा आडवी येईल.

सोनीत खटकणाऱ्या गोष्टी आहेत. लेन्स फूट (लेन्सखालचा ट्रायपॉडवर बसणारा पाय) आर्का स्विस प्लेटचा, म्हणजे ट्रायपॉडवर थेट बसणाऱ्या प्रचलित मापाचा, नाही, सिग्मा आणि टॅमरॉन दोघांचा आहे, त्यामुळे वेगळी प्लेट किंवा वेगळा फूट घ्यावा लागतो आणि एवढ्या किमतीत तो असायला हवा होता. दोन किलोच्या वर वजन, तेही कॉलर सोडून, दुपारपर्यंत मनगटाला जाणवतंच, पण सिग्माही वजनाला जवळजवळ तेवढीच आहे.

तेव्हा माझ्या मते, डोंगरात चालत फिरणारा माणूस, फुलपाखरंही करणारा, बाइकवर जाणारा, त्याने टॅमरॉन बघावी, वरचे १०० मिलिमीटर गेल्याचं दुःख ए७ फोरचा क्रॉप मोड (फोटोचा फक्त मधला भाग घेणारा) बराच भरून काढतो. ताडोबा-पेंचला वारंवार जाणाऱ्याला सिग्माची १५० पासूनची रेंज जास्त कामाची वाटू शकते. होडी, गाडी आणि बीनबॅग यावर ज्याचं सगळं काम चालतं त्याने मात्र शक्य असेल तर थोडं थांबून, पैसे साठवून २००-६०० च घ्यावी असं मला वाटतं, सेकंडहँड चांगल्या मिळतात, फक्त भारतातलं बिल आहे का ते बघा.

पुण्या-मुंबईत या लेन्स भाड्याने मिळतात. घ्याल तेव्हा दुकानात हातात धरून निर्णय नका घेऊ, तिथे छोटी लेन्स नेहमीच बरी वाटते. गाडीच्या खिडकीवर बीनबॅग ठेवा, ३०० वर एखादी साळुंकी फ्रेममध्ये घ्या आणि डोळा न काढता ६०० वर जाऊन बघा.