आयपॅड एअर एम ३ : आठ महिने प्रुफं वाचल्यानंतर

मी मुद्रितशोधक आहे. राहते कोल्हापुरात, कामं बहुतेक पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची. पूर्वी प्रुफांचे गठ्ठे कुरियरनं यायचे, आता पीडीएफ येते. जून २०२५मध्ये अकरा इंची आयपॅड एअर घेतला, एम ३ चिपचा, १२८ जीबीवाला. पुढे जुलै ते ऑक्टोबर दिवाळी अंकांचा हंगाम, मग दोन कादंबऱ्या आणि मागे लांबलचक सूची असलेला एक संशोधनग्रंथ, असं सगळं याच टॅबवर वाचलं. गेम किंवा सिनेमांसाठी टॅब घेणाऱ्यांना या लिखाणाचा फारसा उपयोग नाही. दिवसाचे सहा-सात तास देवनागरी मजकूर डोळ्यांखालून घालायचा असेल, तर पुढचं वाचा.

आधी पडद्याच्या बारकाईबद्दल, कारण पैसे मी त्यासाठीच मोजले. भ आणि म, ध आणि घ ही अक्षरं शिरोरेघेतल्या फटीवरून ओळखायची असतात. 'भार'चा 'मार' होतो, 'धन'चा 'घन' होतो, आणि चुकलेला शब्दही खरा शब्दच असल्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम त्याखाली लाल रेघ ओढत नाही. 'त्याचा' आणि 'त्यांचा' यांत फरक एका टिंबाचा. विसर्गाच्या जागी कोलन पडलेलं असतं, 'दुसऱ्या'तला अर्धा ऱ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेला असतो. माझी सगळी मजुरी या टिंबांची आणि फटींची आहे.

माझ्या टेबलावरचा संगणकाचा पडदा साडेएकवीस इंची, १९२० बाय १०८०चा. म्हणजे इंचाला साधारण १०२ ठिपके. ग्रंथातली तळटीप आठ पॉइंटात असते आणि आठ पॉइंट म्हणजे इंचाचा नववा भाग. पान मूळ मापात ठेवलं तर त्या पडद्यावर मात्रा, शिरोरेघ, अक्षर आणि खालचा उकार हे सगळं अकरा ठिपक्यांच्या उंचीत कोंबलं जातं. अनुस्वाराच्या वाट्याला एखादा करडा ठिपका येतो. एअरच्या पडद्यावर इंचाला २६४ ठिपके आहेत. तीच तळटीप तिथे एकोणतीस ठिपक्यांत उमटते, आणि भच्या डोक्यावरची फट फट म्हणूनच दिसते.

पान मोठं करून वाचायचं की, असं बरेच जण सुचवतात. मी कितीतरी वर्षं तेच केलं. पण मोठं केलेलं पान म्हणजे पानाचा तुकडा. परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी पडलेली, उपशीर्षक पानाच्या तळाला येऊन मजकूर मात्र पलीकडे गेलेला, वर तळटीपेचा आकडा ३ आणि खाली ४, या चुका तुकड्यात सापडत नाहीत. त्या अख्ख्या पानावर एकदम नजर फिरते तेव्हाच सापडतात. अक्षरही दिसायला हवं आणि पानही.

इथे या टॅबचं माप माझ्या कामाला नेमकं जुळलं. उभा धरला की पडद्याची रुंदी साधारण ६.२ इंच आणि उंची ८.९ इंच भरते. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं डेमी आकाराचं पुस्तक त्यात कुठलीही काटछाट न होता, छापल्यावर जसं हातात येईल त्याच मापात मावतं. पहिल्या दिवशी एका कादंबरीचं पान असं उघडलं आणि खरं पुस्तक शेजारी ठेवून पट्टीनं ओळ मोजली. बरोबर तेवढीच होती. दिवाळी अंकांचं पान मोठं, माझ्याकडचे अंक सव्वासात बाय साडेनऊ इंचांचे असतात. ते सुमारे ८६ टक्क्यांवर येतं. जाहिरातींच्या पट्ट्यांमधला बारीक मजकूर सोडला तर तेवढ्यावर काम निभावलं.

आता घेताना झालेल्या गोंधळाविषयी. या भागासाठीच लिहायला बसले.

पहिला आयपॅड २०१०चा. त्याचा पडदा १०२४ बाय ७६८चा होता, इंचाला १३२ ठिपके. मार्च २०१२मध्ये तिसरा आला आणि ठिपके दोन्ही बाजूंनी दुप्पट झाले, २०४८ बाय १५३६. त्या पडद्याला पुरं पडावं म्हणून बॅटरी २५ वॉट-अवरवरून ४२.५वर न्यावी लागली होती. त्या टॅबला कंपनीनं आकडाही दिला नाही, 'नवा आयपॅड' एवढंच नाव. सातच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, चौथा आला आणि 'नवा' जुना झाला. त्याच वर्षाच्या शेवटी गूगलचा नेक्सस १० निघाला, २५६० बाय १६००चा, इंचाला जवळपास ३०० ठिपके. पडद्यांची खरी झेप ती. तेव्हा जुना आणि नवा टॅब शेजारी ठेवले तर कुणालाही न सांगता फरक कळत होता.

आज तो फरक नावात शोधायला गेलात तर सापडत नाही. मी घेतला तेव्हा भारतात साधा आयपॅड ३४,९०० रुपयांपासून होता, मिनी ४९,९००, अकरा इंची एअर ५९,९०० आणि अकरा इंची प्रो ९९,९००. साध्याचे इंचाला ठिपके २६४, एअरचे २६४, प्रोचेही २६४. सर्वांत दाट पडदा आहे तो छोट्या मिनीचा, ३२६. म्हणजे पस्तीस हजारांपासून लाखापर्यंत पडद्याची बारकाई एकच. मला बारकाईच हवी होती, आणि हे कळल्यावर दोन आठवडे मी ठरवूच शकले नाही की पंचवीस हजार जास्त कशासाठी द्यायचे.

'एअर' म्हणजे हलका, असंही मला वाटत होतं. २०१३मध्ये नाव ठेवलं तेव्हा ते खरंही होतं. पण अकरा इंची एम ३ एअर ४६० ग्रॅमचा आहे आणि त्याच मापाचा एम ४ प्रो ४४४ ग्रॅमचा. जाडीतही प्रो बारीक. नाव एका टॅबचं, गुण दुसऱ्या टॅबचा.

उत्तर मिळालं ते भाच्याच्या साध्या आयपॅडवर. त्यानं तो पंधरा दिवस माझ्याकडे ठेवला. अक्षरं तितकीच रेखीव होती. पण टॅब टेबलावर सपाट ठेवून, थोडं तिरकं बघत पेननं खूण करायला गेलं की खूण अक्षराच्या किंचित बाजूला पडल्यासारखी दिसायची. त्याचं कारण बांधणीत आहे. साध्या आयपॅडमध्ये वरची काच आणि खालचा पडदा एकमेकांना चिकटवलेले नसतात, मध्ये हवेचा पातळ थर राहतो. तशी बांधणी स्वस्त पडते, आणि काच फुटली तर काही वेळा तेवढीच बदलता येते, हा तिचा फायदाही आहे. एअरमध्ये आणि प्रोमध्ये काच पडद्याला चिकटलेली असते, वर चकाकी कमी करणारा लेपही असतो. अक्षर काचेच्या खाली न दिसता काचेवरच छापल्यासारखं दिसतं. काकपदाचं, म्हणजे सुटलेला मजकूर घालायच्या खुणेचं, टोक ज्या दोन अक्षरांच्या मध्ये टेकवते तिथेच ते उमटतं. इतर कुणाला हा फरक फालतू वाटेल. मला दिवसाला चार-पाचशे खुणा करायच्या असतात. पंचवीस हजारांतले निदान पंधरा हजार मी या चिकटवलेल्या काचेला दिले असं मानते. आणि ही गोष्ट ना नावात आहे, ना दुकानातल्या किमतीच्या पाटीवर.

प्रोसाठी चाळीस हजार आणखी द्यावेसे मला वाटले नाहीत. तिथला ओलेड पडदा काळा रंग खरा काळा दाखवतो आणि सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, एअरचा ६० वेळा. पान सरकवताना हा फरक जाणवतो, स्थिर पान वाचताना नाही. प्रूफ वाचताना पान स्थिरच असतं.

पेनाचा घोळ वेगळाच. ॲपलच्या पेन्सिली चार : २०१५ची पहिली, २०१८ची दुसरी, २०२३ची यूएसबी-सी आणि २०२४ची प्रो. दुकानदारानं मला दुसरी दिली. "मॅडम, एअर आहे ना, मग हीच लागते." त्याचं म्हणणं २०२०च्या आणि २०२२च्या एअरसाठी बरोबर होतं. माझ्या एअरला दुसरी पेन्सिल चालतच नाही, त्याला प्रो किंवा यूएसबी-सी लागते. घरी येऊन दोन तास ती जोडायचा प्रयत्न केला, मग दुकानात तीन हेलपाटे घातले, तेव्हा बदलून मिळाली. त्या मुलावर माझा राग नाही. एकाच नावाचे टॅब पाच वर्षांत दोन वेगळ्या पेनांवर गेले, तर काउंटरवर उभ्या असलेल्या माणसानं किती लक्षात ठेवायचं? राग आहे तो नावं ठेवणाऱ्यांवर. घेण्याआधी स्वतःच्या टॅबचं वर्ष आणि चिप कागदावर लिहून न्या, 'एअर' हा शब्द पुरत नाही. आणि खरं सांगायचं तर खुणा करायला ७,९००ची यूएसबी-सी पेन्सिल पुरली असती. तिला दाब कळत नाही, पण प्रुफाच्या खुणेला दाब लागतो कुठे? मी ११,९००ची प्रो घेतली ती टॅबच्या कडेला चिकटवली की चार्ज होते म्हणून.

दुसऱ्या कंपन्यांकडे सोपं असेल असं वाटत होतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या अक्षरजुळणीवाल्या दादांना सॅमसंगचा टॅब घ्यायचा होता, म्हणून तीही यादी उलगडली. २०२३च्या एस ९मध्ये साधा, प्लस, अल्ट्रा, एफई आणि एफई प्लस असे पाच प्रकार. २०२४च्या एस १०मध्ये प्लस आणि अल्ट्रा आले, साधा एस १० आलाच नाही. २०२५च्या एस ११मध्ये साधा आणि अल्ट्रा, प्लस गायब. एस ६ लाइट २०२० साली आला, मग २०२२मध्ये आणि २०२४मध्ये वेगळ्या चिपसह पुन्हा, नाव तेच. ठिपक्यांचा हिशेब केला तर १४.६ इंची एस १० अल्ट्राचे इंचाला साधारण २३९ येतात आणि त्याहून कितीतरी स्वस्त १०.९ इंची एस ९ एफईचे २४९. अल्ट्रा मोठा आहे, म्हणून त्याचा पडदा जास्त बारकाईचा असतो असं नाही. सॅमसंगचं एक मात्र मनापासून आवडलं : या एस मालिकेत पेन डब्यातच मिळतं. कुठलं घ्यायचं हा प्रश्नच नाही, आणि लिहिण्यासाठी ते चार्ज करावं लागत नाही. दादांनी एस ९ एफई घेतला. डेमी पान त्यावरही पूर्ण मापात मावतं. दिवाळी अंकाचं पान पडदा अरुंद असल्यामुळे ८० टक्क्यांवर येतं, त्यांना ते चालतं.

रोजच्या वापरातल्या दोन-तीन गोष्टी सांगते, कारण पडदा कितीही चांगला असला तरी त्यावर पाणी फिरवणं सोपं असतं. कागदासारखा खरखरीत वाटणारा मॅट स्क्रीनगार्ड मी हौसेनं बसवला होता. पेन छान धरून चालतं, पण त्या खरबरीत थरातून पांढऱ्या पानावर रवाळ चमक येते आणि तळटीप पुन्हा मऊ पडते. आठव्या दिवशी काढून टाकला. व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो आला की मी तो वाचायचंच नाकारते. पाठवताना तो दाबला जातो आणि पहिला बळी अनुस्वाराचा जातो. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून मागवा. जुन्या पुस्तकांच्या स्कॅनबाबत अपेक्षा बेतानं ठेवा. स्कॅनच १५० डीपीआयचा, म्हणजे इंचाला १५० ठिपक्यांचा असेल तर २६४ ठिपक्यांचा पडदा तो धूसरपणा अधिक प्रामाणिकपणे दाखवतो, बस. मुखपृष्ठाचे रंग बघायचे असतील तेव्हा ट्रू टोन (आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग जुळवणारी सोय) बंद करते, एरवी संध्याकाळी चालू असतो आणि डोळ्यांना बरा वाटतो.

खुणा टॅबमध्ये आधीच असलेल्या फाइल्स ॲपमधल्या मार्कअपनं करते, लाल रंगात. वेगळं ॲप घेतलेलं नाही. समासात दुरुस्ती, मजकुरात काकपद, अगदी कागदावर करायचे तशीच. अक्षरजुळणी करणाऱ्यांना नवीन काही शिकावं लागलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. बॅटरी माझा पूर्ण कामाचा दिवस काढते, रात्री चार्जिंगला लावते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकाच वेळी चार अंकांची प्रुफं उघडी होती, तेव्हाही टॅब अडखळला नाही. चिपबद्दल एवढंच सांगता येईल, एम ३ माझ्या कामाला गरजेपेक्षा जास्त आहे. दोन वर्षं जुना, पण काच चिकटवलेला एअर स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या.

आणि टॅब घ्यायला जाल तेव्हा स्वतःच्या कामाची एक पीडीएफ बरोबर न्या. दुकानातल्या टॅबवर ते फुलांचे आणि डोंगरांचे फोटो ठेवतात, ते कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतात. तळटीप असलेलं मराठी पान उघडा, मोठं करू नका, टॅब टेबलावर सपाट ठेवा आणि नेहमी बसता तेवढ्या अंतरावरून भ आणि म शोधा. दोन मिनिटांत कळतं.

शेवटचं प्रूफ, छपाईला जाण्याआधीचं, मी अजूनही कागदावर मागते. प्रकाशक कुरकुरतात, पण पाठवतात. समोरासमोरच्या दोन पानांच्या ओळी एका रेषेत आल्यात का, शिवणीत समास किती गेला, हे एका पानाच्या पडद्यावर मला अजून नीट जोखता येत नाही. तेरा इंची एअर आडवा धरला तर कदाचित जमेल, पण मी टॅब घेतला तेव्हा तो ७९,९००चा होता आणि येता दिवाळी हंगाम झाल्याशिवाय त्याचा विचार करणार नाही.