कामांची यादी कुठे ठेवावी: जीमेल, आउटलुक की थंडरबर्ड?

गावात सेवा केंद्र चालवणारे, शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस सांभाळणारे, कृषी केंद्राचा हिशेब बघणारे अशा मंडळींसाठी हे लिहितो आहे. मेल आणि कॅलेंडर तुम्ही वापरताच. त्याच सॉफ्टवेअरमध्ये टास्कची यादी असते, पण ती जशी उघडते तशीच बहुतेक जण ठेवतात आणि चार दिवसांत सोडून देतात. यादी आपल्या कामाप्रमाणे मांडता आली नाही, तर ती टिकत नाही.

सकाळी शटर उघडल्यावर दोन गोष्टी कळायला हव्यात. आज माझ्या हातून काय व्हायचं आहे, आणि दुसऱ्याच्या टेबलावर काय अडकलं आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये, फेरफार तलाठ्याकडे, जीएसटीचे कागद सीएकडे. कास्तकार दारात येऊन "माझ्या फेरफाराचं काय झालं जी?" म्हणाला की दुसरी यादी लागते. एरवी पहिलीच पुरते. या दोन्ही गोष्टी यादीत वेगळ्या दिसाव्यात, यावरच मी तिन्ही सॉफ्टवेअर तपासतो.

यात सर्वात पुढे आहे जुनं आउटलुक, म्हणजे ज्याला आता 'क्लासिक' म्हणतात ते. त्यात प्रत्येक कामाला स्थिती देता येते आणि तयार पर्यायांत 'दुसऱ्याची वाट पाहतोय' अशा अर्थाचा 'वेटिंग ऑन समवन एल्स' आधीपासून आहे. 'व्ह्यू सेटिंग्ज'मध्ये गेलात की कोणते रकाने दिसावेत, कशानुसार गट पडावेत, काय गाळावं, कोणत्या कामाचा रंग बदलावा, सगळं आपल्या हातात येतं. मुदत टळलेलं काम लाल दिसतं, ते तर न सांगताच. सगळ्यात उपयोगाचं म्हणजे ही मांडणी नाव देऊन जपता येते. 'माझ्याकडे' आणि 'तहसीलकडे' असे दोन व्ह्यू करून ठेवले की दोन-तीन क्लिकमध्ये यादी पालटते. एवढी मोकळीक बाकी दोघांत नाही.

पण घेण्याआधी दोन गोष्टी बघा. नव्या विंडोज लॅपटॉपवर जे फुकट 'आउटलुक' येतं, ते हे नव्हे. त्यात टास्कच्या जागी मायक्रोसॉफ्ट टू डू हे कामांच्या यादीचं वेगळं ॲप बसवलं आहे आणि वर सांगितलेल्या व्ह्यू सेटिंग्ज तिथे सापडणार नाहीत. क्लासिकला पैसे पडतात. दुसरं, क्लासिक आउटलुकला तुम्ही नेहमीसारखं जीमेलचं खातं जोडलं, तर टास्क त्या एकाच कॉम्प्युटरवर राहतात, फोनवर जात नाहीत. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर ती फोनवरच्या टू डूमध्ये दिसतात, पण स्थितीचा रकाना आणि तुमचे व्ह्यू तिथे येत नाहीत. म्हणजे वावरात उभं राहून फोन उघडला की सगळी मेहनत मागे ऑफिसात.

गुगल टास्क्स याच्या अगदी उलट. जीमेल आणि कॅलेंडरच्या उजव्या पट्टीत ती असते, फोनवर वेगळं ॲप आहे, पैसे लागत नाहीत. मांडणीला मात्र वाव कमी. आपल्या क्रमाने, तारखेने, तारांकित किंवा नावाने लावा, बस्स. रकाने नाहीत, रंग नाहीत, स्थिती नाही, प्राधान्य नाही. म्हणून इथे याद्याच वेगळ्या करायच्या: एक 'माझ्याकडे', एक 'तहसील', एक 'सीए'. अर्ज पुढे गेला की काम त्या यादीत सरकवायचं. कॉम्प्युटरवर टास्क्सचं पूर्ण पान उघडलं तर या याद्या शेजारी-शेजारी उभ्या दिसतात आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका नजरेत मिळतात. मेलवरून केलेल्या टास्कमधून मूळ मेल परत उघडतो, हा मोठा आधार आहे. दर महिन्याच्या ११ तारखेचं जीएसटीआर-१ विवरणपत्र आणि २० तारखेचं ३बी एकदाच 'पुन्हा पुन्हा' करून टाकलं की कॅलेंडरवर आपोआप येत राहतं.

थंडरबर्डचं नाव आपल्याकडे कमी ऐकू येतं, आणि याचं मला वाईट वाटतं. ते मोफत आहे आणि मेल, कॅलेंडर, टास्क एकाच खिडकीत आहेत. डाव्या बाजूला तयार गाळण्या (फिल्टर) असतात: आजची, पुढच्या सात दिवसांची, मुदत टळलेली, अजून सुरू न झालेली. रकान्यांच्या ओळीत उजव्या टोकाला चिन्ह आहे, तिथून हवे ते रकाने चालू-बंद करायचे. प्रवर्गांना (कॅटेगरी) मराठीत नावं आणि रंग देता येतात, म्हणून 'तहसील', 'तलाठी', 'बँक' असे प्रवर्ग करून त्या रकान्यावर क्लिक केलं की एकेका टेबलाची कामं एकत्र येतात. आउटलुकसारखे गट मात्र पडत नाहीत.

तासांच्या मुदतीत ते तिघांत सरस ठरतं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमांत गारपिटीसारख्या स्थानिक नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असते. ज्या हंगामात ते संरक्षण लागू असेल, त्या हंगामात गारपिटीनंतर केंद्रावर रांग लागते आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळ्या वेळी सुरू झालेलं असतं. क्लासिक आउटलुकमध्ये टास्कच्या मुदतीला फक्त तारीख असते, वेळ केवळ आठवणीच्या घंटीला. गुगलमध्ये वेळ टाकता येते. थंडरबर्डमध्ये वेळ तर टाकता येतेच, शिवाय 'ड्यू इन' नावाचा रकाना किती दिवस किंवा किती तास उरले ते दाखवतो. त्या रकान्याकडे बघून कोणाला आधी बसवायचं ते ठरवा.

लाईन गेली, नेट गेलं तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर थंडरबर्डची स्थानिक यादी उघडते. उणीव फोनची. अँड्रॉइडवरच्या थंडरबर्डमध्ये टास्क नाहीत, आणि गुगल कॅलेंडर त्याला जोडलं तरी गुगलच्या टास्क त्यात येत नाहीत.

आता निवड. दिवसातला बराच वेळ गावोगाव फिरण्यात जात असेल, तर दुसरा विचार नको, गुगल टास्क्स घ्या आणि काम कोणाच्या टेबलावर आहे त्यावरून याद्या करा. केंद्रात एका कॉम्प्युटरवर बसून काम असेल आणि मुदती तासांच्या असतील, तर थंडरबर्ड. क्लासिक आउटलुक ऑफिसने आधीच घेतलेलं असेल तर त्याचे व्ह्यू जरूर बसवा. केवळ यासाठी विकत घेऊ नका, असंच मी सांगेन.

ऑफिसात दोघं-तिघं मिळून एकच यादी चालवत असाल, तर मात्र वरची मांडणी मोडते. गुगलची आपली यादी दुसऱ्याला वाटता येत नाही, थंडरबर्डची स्थानिक यादी त्याच मशीनवर असते. तिथे फुकटचं मायक्रोसॉफ्ट टू डू बघा. दुवा पाठवून यादी वाटता येते आणि एकाने खूण केली की दुसऱ्याच्या फोनवरही दिसते. व्ह्यूची मोकळीक फार नाही, म्हणून तिथेही 'तहसील' आणि 'माझ्याकडे' अशा याद्या वेगळ्याच ठेवा.

थंडरबर्ड घेणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी: कॅलेंडर निर्यात करून ती फाईल दर आठवड्याला पेनड्राइव्हवर ठेवायची. टास्कही त्याच फाईलमध्ये जातात.