कच्छचं रण, थरचं वाळवंट की आपला माणदेश : थंडीत गाडी कुठे वळवायची?

नाताळच्या सुट्टीत वाळवंट बघायचं, असं साताऱ्या-सांगलीकडच्या घरात ठरलं की वाद दोनच नावांवर होतो: कच्छ की जैसलमेर. पांढरं रण कसं दिसतं आणि सोनेरी किल्ला कसा दिसतो, हे फोनवर पाहून सगळ्यांना पाठ असतं. प्रश्न वेगळाच आहे. घरची गाडी काढून निघालात तर आठ-दहा दिवसांतले जागेपणीचे बहुतेक तास गाडीत जातात. मग निवड करायची ती रस्त्याची. कुठल्या रस्त्याला थांबावंसं वाटतं, काय खायला मिळतं, मागच्या सीटवरची आई कंटाळते की काच खाली करते, यावर.

आणि एवढी सुट्टीच नसेल तर तिसरा रस्ता आहे, दाराशीच. त्याच्याकडे शेवटी येतो.

अहमदाबादपर्यंत रस्ता एकच

साताऱ्याहून अहमदाबाद सुमारे 770 किलोमीटर. सांगलीकरांनी त्यात 120 मिळवावेत आणि पहाटेची झोप वजा करावी. घोडबंदर-वसईचा पट्टा उजाडायच्या आत पार झाला नाही, तर दिवसाचा हिशोब तिथेच बिघडतो. त्यापुढे ट्रकच ट्रक. पण थंडीत या कंटाळवाण्या हायवेलाही दोन थांबे असे आहेत, की कच्छला जा नाहीतर जैसलमेरला, चुकवू नयेत.

पहिला वलसाड-डुंगरीच्या आसपास. रस्त्याकडेला धूर आणि उलटे ठेवलेले माठ दिसले की ते उंबाडियुं. पापडीच्या शेंगा, कंद, रताळी आणि बटाटे हिरव्या मसाल्यात घोळून माठात भरतात, वर झाडपाला कोंबतात, माठ उलटा करून भोवती जाळ करतात. रायगडातली पोपटी खाल्लेल्याला चव ओळखीची वाटेल; सोबत हिरवी चटणी आणि ताक. हे फक्त थंडीतच मिळतं. उन्हाळ्यात याच रस्त्याने गेलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा सुरतेचा पोंक. म्हणजे आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा, पण शहरी थाटात: लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे, शिवाय पोंकाचे वडे. चवीला उत्तम. तरी आगटीवरून थेट तळहातावर चोळून खाल्लेल्या हुरड्याची सर त्याला नाही, हे माझं मत सुरतकरांसमोर सांगायला मी कचरणार नाही. भरूचला खारी शिंग घ्या, पुढच्या दोन दिवसांची सोय होते. सांगलीचं भडंग डिकीत असेलच, दोन्ही एकत्र करून बघा.

अहमदाबादनंतर फाटा फुटतो

भुज इथून सुमारे 330 किलोमीटर, जैसलमेर 530 च्या आसपास. नकाशावर फरक फक्त दोनशे किलोमीटरचा दिसतो. खरा फरक असा, की कच्छचा रस्ता लवकर बोलायला लागतो आणि थरचा बराच वेळ गप्प राहतो.

कच्छकडे जाताना विरमगामच्या पुढे जमीन सपाट व्हायला लागते. पाटडी-बजाणाकडे वळलात तर छोटं रण लागतं. रानगाढवांचं अभयारण्य इथलंच, जवळपास 5,000 चौरस किलोमीटरचं. सकाळच्या उन्हात धावणारा रानगाढवांचा कळप बघितला की 'गाढव' ही शिवी राहत नाही. थंडीत उथळ पाण्यावर रोहित पक्षी आणि करकोचे उतरलेले असतात. ऑक्टोबर ते मार्चच्या मोसमात अगरिया कुटुंबं रणातच खोपटी बांधून राहतात आणि जमिनीतलं खारट पाणी उपसून मीठ पिकवतात. खाराघोडा हे त्यांच्या मिठाचं जुनं ठिकाण. पुढे सूरजबारीचा पूल ओलांडून कच्छमध्ये शिरलं की रस्त्याकडेला मिठाचे ढीग लागतात, एखाद्या दोनमजली घराएवढे. मुलं 'बर्फ, बर्फ' म्हणून ओरडतात. थोडा वेळ ओरडू द्यावं.

जैसलमेरचा रस्ता उत्तर गुजरातेतून जातो. एरंड, मोहरी आणि जिऱ्याची शेतं. शेतकऱ्याला बघण्यासारखं पुष्कळ आहे, बाकीचे झोपतात. मोढेऱ्याचं अकराव्या शतकातलं सूर्यमंदिर किंवा पाटणची राणी की वाव, यांतलं एक वाटेत बसवता येतं आणि बसवावंच. लिंबची बारामोतीची विहीर पाहिलेल्या सातारकराला तर राणी की वाव बघताना विहीर किती खोल आणि किती देखणी असू शकते, याचा नवा अंदाज येतो. सांचोरच्या अलीकडे, गुजरातेतच टाकी भरा. राजस्थानात पेट्रोल महाग. खरी मजा बाडमेरनंतर. खेजडीची झाडं, म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी, माळावर सुटी सुटी उभी. मध्येच उंटांचा तांडा, मध्येच लष्कराच्या गाड्यांचा ताफा. पवनचक्क्यांचं मात्र चाळकेवाडी-वनकुसवडे पाहिलेल्याला विशेष कौतुक वाटणार नाही.

भुज ते खावडा, आणि त्यापुढे

इथे मी थोडा रेंगाळतो, कारण रस्त्यासाठीच जायचं असेल तर तिन्ही पर्यायांत हा तुकडा सर्वांत श्रीमंत आहे.

भुज सोडून उत्तरेला निघालं की कर्कवृत्ताची पाटी लागते. तिच्यापाशी फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. मग भिरंडियारा. हे रणात शिरायच्या परवान्याच्या नाक्याचं गाव. परवाना ऑनलाइनही निघतो, ओळखपत्रं जवळ ठेवा. पण लोक थांबतात ते माव्यासाठी. बन्नीच्या गवताळ पट्ट्यातल्या म्हशींचं दूध कढईत आटत असतं, मावा गरम गरम द्रोणात मिळतो. कंदी पेढ्याच्या अभिमानाला इथे थोडी कळ काढावी लागते. या बन्नीच्या म्हशी रात्री चरतात आणि सकाळी आपापल्या घरी परततात, त्यामुळे पहाटे निघालात तर रस्त्यावर वाट त्यांना द्यावी लागते. दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ माजलेली. माणदेशात तिने जे केलं, तेच इथे गवताचं केलंय.

पांढरं रण धोरडोला आहे, भुजपासून 80 किलोमीटरच्या आसपास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रणोत्सव असतो. तंबूंचं शहर, दिव्यांच्या माळा, गर्दी. त्यात राहायलाच हवं असं नाही. आजूबाजूच्या गावांत भुंग्यात उतरायची सोय होते. भुंगा म्हणजे मातीचं गोल घर, आतून आरशांच्या लिंपणकामाने सजवलेलं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात पक्की घरं कोसळली तेव्हा यातले बरेच भुंगे टिकून राहिले. गोल भिंत हादऱ्याचा जोर वाटून घेते. एक सूचना महत्त्वाची. डिसेंबरच्या सुरुवातीला रण ओलं असू शकतं, पावसाळ्यात साचलेलं पाणी पूर्ण आटलेलं नसतं. जानेवारी अधिक खात्रीचा, आणि पौर्णिमा साधली तर उत्तमच.

खावड्याजवळचा काळो डुंगर हा कच्छचा सर्वांत उंच भाग. वर दत्ताचं देऊळ आहे. औदुंबरला आणि वाडीला जाणाऱ्या माणसांना एवढ्या लांब दत्तमहाराज भेटतात याचंच अप्रूप. इथला प्रसाद आधी कोल्ह्यांना. शिजवलेला भात कट्ट्यावर ठेवतात, पुजारी हाक देतो आणि कोल्हे येतात. रोज येतीलच असं धरून चालू नका.

मग धोळावीराकडे जाणारा रस्ता. त्याचा सुमारे 30 किलोमीटरचा पट्टा सरळ रणातून जातो; दोन्ही बाजूंना, डोळा पोचेल तिथवर, कधी मीठ तर कधी पाणी. गाडी थांबवा, उतरा, पण चाक डांबराखाली घालू नका. वरून कडक दिसणाऱ्या मिठाच्या थराखाली चिखल असतो आणि टोचन करायला तिथे कुणी नसतं. खावड्यात टाकी भरून घ्या. पलीकडे धोळावीरा: हडप्पा संस्कृतीचं शहर, 2021 पासून जागतिक वारसा यादीत. टँकरची वाट बघितलेल्या माणखटावच्या माणसाने हे शहर पाण्याच्या बाजूने बघावं. पावसाचा ओढा अडवून एकापाठोपाठ एक हौदांत उतरवण्याची व्यवस्था तिथे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी होती.

थर कुठे जिंकतो

रात्रीत. जैसलमेरपासून 40 किलोमीटरवर सम आणि दुसऱ्या बाजूला खुरी. समला डीजे, जीपचा धुरळा आणि गर्दी आहे. शांतता हवी असेल तर खुरी. वाळूच्या टेकड्या दोन्हीकडे आहेत, पण मुलांना लोळायला खुरीची वाळू मोकळी मिळते. वाळवंट म्हणजे वाळूच, असं ज्यांच्या डोक्यात पक्कं आहे त्यांनी कच्छला जाऊन हिरमुसू नये. रणात वाळू नाही.

खाण्यातही थर पुढे आहे. केर-सांगरी, बाजरीचा सोगरा, जैसलमेरचे घोटुआ लाडू, आणि जोधपूरवरून परतलात तर मिरची वडा नि मावा कचोरी. कोल्हापुरी तिखटाचा माज असलेल्यालाही मिरची वडा सन्मानाने वागवतो. कच्छची दाबेली गोडसर लागते. मांडवीचं मूळ आहे म्हणून आदर, पण दुसरी मागवावीशी मला वाटली नाही.

आणि लोंगेवाला. जैसलमेरहून सुमारे 120 किलोमीटर, पुढे तनोटमातेचं देऊळ. 4-5 डिसेंबर 1971 च्या रात्री मूठभर जवानांनी रणगाड्यांचा हल्ला रोखला ती जागा. अपशिंग्यासारखी फौजींची गावं असलेल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या माणसाला तिथे स्मारक वाचायला जास्त वेळ लागतो. घरात निवृत्त फौजी असेल तर तुलना इथेच संपते, जैसलमेरच. अर्थात त्याच युद्धात भुजची उद्ध्वस्त धावपट्टी माधापरच्या सुमारे 300 बायकांनी 72 तासांत दुरुस्त केली होती. कच्छला गेलात तर हे मुलांना सांगा.

परतताना फलोदीजवळचं खीचन गाव करा. हजारो कुरजां पक्षी सकाळी दाणे टिपायला उतरतात, आवाज गावाबाहेरूनच ऐकू येतो. पालीजवळ हायवेला काचेत ठेवलेल्या बुलेट मोटारसायकलीचं देवस्थान आहे, लोक तिला हार घालतात. हसू येतं, तरी हात जोडले जातात. कुलधरा ओस पडलेलं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. भुताच्या गोष्टींपेक्षा पालीवालांची आखीव गल्ल्यांची रचना बघण्यासारखी.

थंडी, डिकी आणि मागची सीट

थंडीत दोघेही सारखेच फसवे. दुपारी अर्ध्या बाह्या, रात्री कानटोपी. जैसलमेरला रात्री पारा 5-6 अंशांवर येतो, कच्छमध्ये नलियाचीही तीच ख्याती. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दोन्ही रस्ते गुजरातेतूनच जातात, त्यामुळे डिकीतली 'राहून गेलेली' बाटली घरीच राहू द्या. 14 जानेवारीच्या आसपास निघणार असाल तर गुजरातभर पतंग असतात. बघायला बहार, पण दुचाकीवाल्यांना मांजा जीवघेणा.

गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर कच्छ सोपं. बहुतेक सगळं गाडीतून किंवा चार पावलांवर दिसतं. जैसलमेरचा किल्ला, वाळूच्या टेकड्या, उंटाची पाठ, यांत चढउतार आहे. दिवसांचं म्हणाल तर साताऱ्याहून कच्छला आठ दिवस पुरे होतात. जैसलमेरला दहा नसतील तर नुसतं स्टिअरिंग धरून याल.

आणि माणदेश

हे वाळवंट नाही, पर्जन्यछायेचा माळ आहे. महाबळेश्वरात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माणला 500 च्या आसपास. पण दोनच दिवस असतील आणि उघडा माळ, मेंढरं, थंडीतलं स्वच्छ आकाश एवढंच हवं असेल, तर हजार किलोमीटर कशाला?

कोरेगाव ओलांडून वर्धनगडाचा घाट चढा, पुसेगाव, मग दहिवडी, गोंदवले, म्हसवड, दिघंची, आटपाडी, खरसुंडी, विटा. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथाला नोटांच्या माळा लागतात, म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, खरसुंडीला पौषात खिलार जनावरांचा बाजार भरतो. तारखा तिथीवर, कॅलेंडर बघून निघा. गोंदवल्याला दुपारी महाप्रसादाला बसा, पंगतीत कुणी कुणाला विचारत नाही. मायणी किंवा येरळवाडीच्या तलावात पाणी असेल तर रोहित पक्षी इथेही दिसतात. सांगलीहून निघणाऱ्यांनी कवठेमहांकाळ-जतचा रस्ता धरावा. द्राक्षबागा, डाळिंबं, माडग्याळी मेंढ्या आणि कुणाच्या तरी ओळखीने शेतातला हुरडा. हॉटेलं साधी आहेत, राहण्याची चैन नाही. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी पोचलेल्या पट्ट्यात ऊस दिसायला लागलाय, त्यामुळे 'दुष्काळ बघायला' येणाऱ्यांची निराशा होईल. ती झालेली बरी.

माझा कौल: सुट्टी दोन-तीन दिवसांची असेल तर माणदेश, आठ दिवसांची असेल तर कच्छ, दहाच्या वर असेल आणि गाडी चालवणारे दोघं असतील तर थर. चालवणारा एकच असेल तर जैसलमेरला घरची गाडी नेऊच नका. बेंगळुरूहून जोधपूरला आणि गांधीधामला जाणाऱ्या रेल्वेगाड्या मिरज-पुणे मार्गाने धावतात. तिथवर झोपून जावं आणि पुढे भाड्याची गाडी घ्यावी. उंबाडियुं आणि पोंक तेवढे हुकतील. या गाड्या रोज नसतात आणि डिसेंबरची आरक्षणं दिवाळीच्या आसपासच संपतात, तेव्हा आधी तिकिटाची तारीख बघा, मग रजेचा अर्ज टाका.