‘मला गेमिंगमध्येच करायचंय’ म्हणणारा मुलगा घरात असेल तर

दिवाळीच्या सुट्टीत ताईने मला सिडकोतल्या घरी बोलावून घेतलं. भाचा अकरावी सायन्सला आहे. त्याने आईला सरळ सांगितलं होतं: क्लासचा पुढचा हप्ता भरू नकोस, त्या पैशात चांगला फोन घेऊन दे, मला बीजीएमआयमध्ये करिअर करायचंय. बीजीएमआय म्हणजे पबजीच्या जागी आलेला फोनवरचा लढाईचा गेम, चौघांच्या टीमने खेळायचा, शेवटपर्यंत टिकेल ती टीम जिंकते. ताई म्हणत होती, पोराला व्यसन लागलंय. भावोजी म्हणत होते, खेळू दे, आपोआप कंटाळेल. मला बोलावलं, कारण या खेळाची भाषा कळणारा घरात मी एकटा. शिवाय इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेज रोडच्या एका कॅफेत डोटा हा कॉम्प्युटर गेम खेळत बसायचो आणि माझं वर्ष गेलं, हे ताईने डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोन दिवस आम्ही चौघं बोललो. नाशिकमध्ये अशी बरीच घरं मला माहीत आहेत जिथे हेच बोलणं अडून बसलंय, म्हणून आमची तुलना इथे मांडतो. ताई आणि भावोजी ‘खेळू द्यायचं की नाही’ यावरच भांडत होते. त्याआधी ठरवायचं असतं ते, कशासाठी खेळू द्यायचं: छंद म्हणून, स्पर्धक म्हणून, की स्ट्रीमिंग करून, म्हणजे आपला खेळ लोकांना लाइव्ह दाखवून, कमवायला. तिघांना लागणारा वेळ, पैसा आणि स्वभाव वेगवेगळा. व्यसनाला मी वेगळा रस्ता धरत नाही, या तिन्ही रस्त्यांना तो उतार आहेच.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी, पोकर आणि तसले सगळे गेम मी तुलनेत घेतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. त्याच कायद्याने ईस्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम) आणि करमणुकीचे साधे गेम वेगळे काढून त्यांना मान्यता दिली. त्यामुळे मुलगा ‘गेमिंग’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात यातलं नेमकं काय आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारून घ्या.

छंद म्हणून

इथे हिशोब सोपा आहे. आहे तो फोन, घरचं वायफाय, मित्र आणि आठवड्याचे काही तास. पैसे गळतात ते एकाच जागी, गेममधल्या दुकानात. बीजीएमआयमध्ये यूसी (गेममधलं चलन) विकत घ्यायचे आणि त्यावर कपडे, बंदुकांचे स्किन (वेगळं रंगरूप), क्रेट (आत काय निघेल ते माहीत नसलेल्या पेट्या) घ्यायचे. स्किनमुळे नेम सुधारत नाही, हे भाच्यालाही माहीत आहे, पण मित्रांच्या लॉबीत साध्या कपड्यांत उतरायला त्याला लाज वाटते. म्हणून आईच्या यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक नसावा, एवढी एक गोष्ट पाळा.

छंद म्हणजे कमी प्रतीचं काही, असं मुलांना वाटतं आणि पालकही तसंच बोलतात. मला ते पटत नाही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे पळणारी सगळी माणसं धावपटू कविता राऊत व्हायला निघालेली नसतात, म्हणून त्यांचं पळणं वाया जात नाही. मुलाला चार मित्रांबरोबर शनिवारी रात्री दोन तास मनापासून खेळावंसं वाटतं, तर ते तसंच राहू द्या. त्याला ‘यातून पुढे काय करणार’ विचारत बसलात, तर तोच उत्तर म्हणून करिअर शोधून आणेल. आमच्या घरी थोडं असंच झालं होतं.

स्पर्धक म्हणून

भाच्याचा सगळा दावा रँकवर उभा होता. मागच्या सीझनला तो कॉन्करर या सर्वांत वरच्या रँकच्या जवळ पोचला होता, म्हणजे सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांच्या आसपास. त्याला हे समजावायला मला वेळ लागला की रँक पुश (रँक वाढवत नेणं) आणि स्पर्धा ही दोन वेगळी कामं आहेत. रँक वाढवताना लपून शेवटपर्यंत टिकलं तरी चालतं. स्पर्धेच्या लॉबीत, म्हणजे एका मॅचमध्ये, सोळा टीम, ६४ खेळाडू, आणि सगळे तयारीचे. पहिल्या नंबरला १० पॉइंट, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, असं आठव्यापर्यंत उतरत जातं. नवव्याला शून्य. त्यावर प्रत्येक फिनिशला (बाद केलेल्या खेळाडूला) १ पॉइंट. अशा हिशोबात लपणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. झोन (आकसत जाणारी सुरक्षित जागा) कुठे सरकेल याचा अंदाज, कोणत्या घरात कधी शिरायचं, गाडी कुठे सोडायची, हे आयजीएल, म्हणजे मॅच चालू असताना टीमला सूचना देणारा खेळाडू, ठरवतो आणि बाकी तिघं अर्ध्या सेकंदात ऐकतात. असे तेच चौघं महिनोन्‌महिने एकत्र टिकवणं हे नेम साधण्यापेक्षा अवघड आहे. भाच्याच्या टीममध्ये मागच्या सहा महिन्यांत सात जण येऊन गेले होते.

खर्च आम्ही कागदावर मांडला. नव्वद एफपीएस (सेकंदाला नव्वद चित्रं) न अडखळता देणारा फोन साधारण पस्तीस-चाळीस हजारांचा. फायबरचं नेट घरात होतंच आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चांगलं येतं, त्यामुळे सरावाला नाशिकमध्ये बसून अडचण नाही. राउटरला छोटा इन्व्हर्टर मात्र हवा. काही मोठ्या टीमचे बूटकॅम्प (एकत्र राहून सराव करायच्या जागा) नवी मुंबईकडे असतात, म्हणजे निवड झाली तर घर सोडून राहण्याची तयारी लागेल. आत शिरायचं दार खुलं आहे, हेही भाच्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. बीजीआयएस या बीजीएमआयच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत सामान्य टीमलाही नोंदणी करून पात्रता फेरीपासून खेळता येतं, आणि २०२४ मध्ये तिची एकूण बक्षीस रक्कम २ कोटी होती. पण पहिल्याच वर्षात या गेमने १० कोटी नोंदणीकृत खेळाडूंचा आकडा ओलांडला होता, आणि अंतिम लॉबीत जागा ६४. हे दोन आकडे मी कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि काही बोललो नाही.

याहून मोठा धोका मला वेगळाच वाटतो. या खेळाचं मैदान एका कंपनीच्या मालकीचं आहे आणि ते रातोरात बंद होऊ शकतं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याच जागी बीजीएमआय आला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून उतरवला गेला आणि परत आला मे २०२३ मध्ये. दहा महिने. क्रिकेटपटू दहा महिने घरी बसला तरी त्याला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जाऊन नेटमध्ये बॅटिंग करता येते. इथे सरावाचं मैदानच हातातून जाऊ शकतं. शिक्षण सोडून पूर्ण वेळ उतरू पाहणाऱ्याने या दहा महिन्यांत आपण काय केलं असतं, याचं उत्तर आधी लिहून काढावं.

दुसऱ्या बाजूला, ‘हा काय खेळ झाला का’ हे वाक्य मी भावोजींना मागे घ्यायला लावलं. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ईस्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं, तेव्हा तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य आणलं. हांगझोऊला २०२३ मध्ये हा पदकांचा प्रकार झाला आणि आपला लीग ऑफ लेजेंड्स या कॉम्प्युटर गेमचा संघ पाचवा आला.

आणि नाशिककरांनी तर हे आधीच पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये बुद्धिबळाचं ऑलिंपियाड ऑनलाइन झालं तेव्हा भारतीय संघाचा कर्णधार होता आपला विदित गुजराथी. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं, त्यांचा वेळ संपला, आणि शेवटी दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केलं गेलं. पुढे २०२५ मध्ये रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्येही बुद्धिबळ खेळलं गेलं. मुलाला स्क्रीनवरची स्पर्धा हवी आहे पण गेम अजून नक्की नाही, तर बुद्धिबळाचा विचार जरूर करा. नेट गेलं तरी पट मांडता येतो. त्याचा मालक कुणी नाही.

बुद्धिबळाचा उल्लेख मी आणखी एका कारणासाठी करतो. या खेळात हरलेला डाव आधी पुन्हा मांडतात. चूक कोणत्या खेळीला झाली, ते शोधतात. मी भाच्याला विचारलं, ‘काल रात्रीची शेवटची हरलेली मॅच दाखव.’ त्याच्याकडे रेकॉर्डिंग नव्हतं. एकाही मॅचचं नव्हतं. हरला की तो लगेच स्टार्ट दाबत होता. मला माझं ते वर्ष आठवलं. डोटामध्ये रिप्ले असायचे, मी एकही उघडला नाही. मी खेळत होतो ते आधीचं हरणं पुसायला, आणि म्हणून पहाटेपर्यंत उठता येत नव्हतं. स्पर्धक हरल्यावर व्हीओडी (मॅचचं रेकॉर्डिंग) बघतो. उताराला लागलेला हरल्यावर पुढची मॅच लावतो. किती तास खेळला, यापेक्षा मी हे आधी पाहीन.

स्ट्रीमिंग

यावर थोडक्यात. हा खेळण्याचा धंदा नाही, बोलण्याचा आहे. चांगला खेळणारा गप्प मुलगा इथे टिकत नाही, मध्यम खेळणारा गप्पिष्ट टिकतो. पीसी, माइक, कॅमेरा धरून आमचा हिशोब ऐंशी हजारांच्या पुढे गेला. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं (शॉर्ट्सचा निकष वेगळा), आणि तिथून पुढे मिळणारी रक्कम सुरुवातीला अगदी किरकोळ असते. १६ वर्षांखालच्या मुलाला एकट्याने लाइव्ह येता येत नाही. उतार इथे सर्वांत तीव्र आहे असं माझं मत, कारण एक रात्र सुट्टी घेतली की बघणारे कमी होतात आणि थांबणं म्हणजे नुकसान वाटू लागतं. मराठीत चांगलं बोलणारा, एडिटिंगची आवड असलेला मुलगा असेल तर आठवड्याला एक व्हिडिओ करून बघावा. रोज लाइव्ह नको.

उतार कसा ओळखायचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार आता नोंदलेला आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम आधी येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं किंवा वाढतं. हे साधारण १२ महिने दिसलं आणि घर, शाळा, मैत्री यांवर ठळक परिणाम झाला, तर निदान होतं. परिस्थिती गंभीर असेल तर कमी काळातही होतं. रोज इतके तास म्हणजे व्यसन, असा आकडा त्यात नाही. ताईला याचं आश्चर्य वाटलं.

भाच्यात मला यातलं पहिलं लक्षण थोडं दिसलं, बाकीची दोन नाहीत. तो जेवायला उठतो, क्रिकेट खेळायला जातो, मार्क घसरलेत पण खोटं बोलत नाही. मी त्या वर्षी घरी रोज खोटं बोलायचो. तुमच्या घरी खोटं सुरू झालं असेल, झोप गेली असेल, फोन घेतल्यावर मुलगा अंगावर येत असेल, तर स्पर्धक की छंद ही चर्चा थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्समध्ये तर २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

एक व्यवहाराची सूचना. बीजीएमआय २०२३ मध्ये परतला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. तिच्या भरवशावर राहू नका. भाचा ताईच्या नावाने खेळत होता.

आमच्या घरी काय ठरलं

क्लासचा हप्ता भरला. नवा फोन घेतला नाही. शाळेच्या दिवसांत खेळ छंदापुरता, हॉलमध्ये बसून, साडेदहाला बंद. एप्रिल-मे हे दोन महिने मात्र त्याचे. तेच चौघं, रोज ठरलेल्या वेळी स्क्रिम (दुसऱ्या टीमांविरुद्ध सराव सामने), प्रत्येक हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग आणि वहीत तीन ओळी. जूनमध्ये ती वही घेऊन आम्ही पुन्हा बसणार. टीम टिकली असेल आणि लॉबीतला नंबर वर सरकला असेल, तर फोनचे अर्धे पैसे मी देणार आहे. बारावीचं वर्ष तरी सोडायचं नाही, हे भाच्याने मान्य केलं, जरा वेळ घेऊन.

ताईने सगळ्या अटी लिहून फ्रिजवर लावल्या. भाच्याने खाली स्वतःची एक अट लिहिली: हरल्यावर दहा मिनिटं मला कुणी काही विचारायचं नाही, मग मी स्वतः दाखवीन. ताईने त्याखाली सही केली.